केलेले जाणणे : कठीण आणि दुभंगलेल्या काळात श्रद्धेच्या आधाराने कृतज्ञता कशी पाळावी

‘कृतज्ञ’ हा शब्द फोडला की त्यातून ‘कृत’ म्हणजे केलेले आणि ‘ज्ञ’ म्हणजे जाणणारा असे दोन तुकडे हाती येतात. आपल्यासाठी कोणी काय केले हे ज्याला ठाऊक आहे तो कृतज्ञ, आणि ज्याने केलेले मारून टाकले तो कृतघ्न. पालीतला ‘कतञ्ञू’ हाही याच घडणीचा शब्द असून मंगलसुत्तातल्या अडतीस मंगलांमध्ये कतञ्ञुतेची गणना होते. या व्युत्पत्तीकडे मी सुरुवातीलाच लक्ष वेधते, कारण कृतज्ञता ही मनात आपोआप उमलणारी गोड भावना आहे असे समजून जे तिची वाट पाहत बसतात, त्यांना ती नेमकी संकटात सापडत नाही, आणि मग आपल्याच भक्तीत काही उणे आहे असे त्यांना वाटू लागते. जाणणे मात्र मनःस्थितीवर अवलंबून नसते; ते विचारून, शोधून, लिहून ठेवून करता येते. पुढे सांगितलेल्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

मी सांगलीत कृष्णेच्या काठाजवळ राहते. शाळेत शिकवून निवृत्त झाले आणि वारकरी घरात वाढले. आमच्याकडे पावसाळ्यात माणसे भेटली की प्रकृतीची चौकशी नंतर होते, आधी ‘आयर्विनला किती फूट?’ असे विचारले जाते. आयर्विन पुलाजवळची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले, त्यानंतर करोनाची साथ आली, आणि २०२१ च्या जुलैमध्ये नदी पुन्हा गावात शिरली. याच वर्षांत गल्लीतली बोलणीही तुटत गेली. कुठे पक्षावरून, कुठे जातीवरून, कुठे धर्मावरून, आणि कुठे निवडणुकीचे निमित्त होऊन सख्ख्या भावांत भिंत उभी राहिली. मिरजेने २००९ च्या गणेशोत्सवात दंगल आणि संचारबंदी पाहिली आहे, त्यामुळे समाज दुभंगतो म्हणजे काय होते, हे या भागाला कोणी वेगळे सांगायला नको.

अशा काळात श्रद्धेचे काम दोन जागी लागते. आपल्याला मिळालेल्या कित्येक गोष्टींचा कर्ता कोणी माणूस नसतो. वेळेवर पडलेला पाऊस, बरी झालेली जखम, रात्री लागलेली झोप यांचे आभार कुठे नेऊन ठेवायचे, हा प्रश्न श्रद्धावंताला पडत नाही. दुसरे असे की, ज्या दिवशी काहीच नकोसे वाटते त्या दिवशी मनाऐवजी नेम आपल्याला पुढे नेतो. सांजवात लावायची म्हणून माणूस उठतो, आणि उठला की निम्मे काम होते. आपली श्रद्धा कोणतीही असो, हा सराव तिच्यात बसतो. मराठी बायबलमध्ये ‘उपकारस्तुती’ हा सुंदर शब्द आहे, मुसलमान घरांत ‘शुक्र’ हा शब्द दिवसातून अनेकदा उच्चारला जातो, लिंगायतांकडे दासोहाची, म्हणजे मिळवलेले सेवाभावाने वाटून देण्याची, परंपरा आहे. ज्यांना मूर्ती आणि कर्मकांड नको असेल त्यांच्यासमोर जोतीराव फुल्यांचा निर्मिक आहे. त्यांच्या घराण्याचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातले कटगुण, आणि निर्माणकर्ता व माणूस यांच्यामध्ये कोणी मध्यस्थ नको, ही त्यांची शिकवण या सरावाला अगदी जवळची आहे.

पहिली पायरी : आधी गाऱ्हाणे घालावे

बहुतेक माणसे येथेच चुकतात. घरात पाणी शिरले आहे, पीक वाहून गेले आहे, किंवा जवळचे माणूस गेले आहे, आणि कोणीतरी येऊन सांगते, ‘जे उरले त्याबद्दल देवाचे आभार माना.’ हे बोलणे चांगल्या हेतूने केलेले असले, तरी ते ऐकणाऱ्याचे दुःख घशातच अडकवते. दडपलेल्या दुःखावर कृतज्ञता टिकत नाही. ओल्या भिंतीला चुना लावावा आणि आठवड्याने तो पोपडे धरून खाली यावा, तसे होते.

म्हणून पहिले काही दिवस देवापुढे फक्त गाऱ्हाणे मांडावे. आपल्या परंपरेत याला पूर्ण जागा आहे. सज्जनगडावर ज्यांची समाधी आहे त्या समर्थांची करुणाष्टके म्हणताना पश्चात्ताप, हतबलता आणि विनवणी यांचेच सूर ऐकू येतात. तुकोबा तर विठ्ठलाशी उघड भांडतात. ख्रिस्ती बांधवांच्या स्तोत्रसंहितेतही विलापाची स्तोत्रे भरपूर आहेत. जे आपल्या संतांना वर्ज्य नव्हते ते आपल्यालाही वर्ज्य नाही. दारे लावून, शक्य तर मोठ्याने, जे झाले ते जसेच्या तसे सांगावे : काय गेले, कोणी फसवले, कोण आले नाही, कशाची भीती वाटते. रडू आले तर येऊ द्यावे. सांगून झाल्यावर लगेच ‘तरीपण’ म्हणून काही जोडू नये. नुसता दिवा लावावा आणि उठावे.

हे किती दिवस करावे, याला मोजमाप नाही. माझे सुमारे तीन आठवडे गेले. मृत्यूचे दुःख असेल तर महिने लागतील, आणि तेवढे ते घेऊ द्यावेत. मात्र झोप, भूक आणि कामातले लक्ष पूर्ण हरपले असेल, किंवा जगूच नये असे विचार येत असतील, तर ते आजाराचे लक्षण समजावे आणि डॉक्टरांना दाखवावे. सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते. देवाला हाक मारणे आणि तो क्रमांक फिरवणे यांत कसलाही विरोध नाही.

दुसरी पायरी : वेळ आणि जागा ठरवावी

दिवेलागणीची वेळ सर्वांत चांगली. पहाट ज्यांना साधते त्यांनी पहाटे करावे, पण दिवस सरताना आपल्यासाठी कोणी काय केले हे ताजे असते, आणि मगरिबची नमाज, ख्रिस्ती घरातली सायंप्रार्थना, बुद्धवंदना, हरिपाठ हे सगळेच बहुतेक घरांत त्याच सुमारास होते. दहा मिनिटे पुरतात. जागा एकच असावी : देवघरासमोरचा पाट, किंवा घरात देवघर नसेल तर खिडकीजवळची एक खुर्ची.

मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवणे हे या पायरीतले खरे अवघड काम आहे, कारण दुभंगलेपण आज घरात शिरते ते बहुतांशी त्याच वाटेने. सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने यावर सगळ्यांनी मिळून उपाय काढला. तिथे २०२२ पासून संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो, आणि पुढचा दीड तास घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद राहतात. ज्या भोंग्यांवरून इतरत्र भांडणे होतात, तोच भोंगा त्या गावात मुलांना अभ्यासाला आणि मोठ्यांना एकमेकांशी बोलायला बसवतो. आपल्या घरात भोंगा नसला, तरी देवघरातली घंटा आहेच. तिचा टोल पडला की फोन कपाटात, असा नियम घरातल्या सर्वांत लहान मुलाकडे सोपवावा. मुले असे नियम मोठ्यांपेक्षा काटेकोरपणे पाळून घेतात.

तिसरी पायरी : वही

दोनशे पानांची साधी रेघी वही घ्यावी. मोबाइलमध्ये लिहू नये, कारण नुकतेच सांगितले आहे. रोज तीनच नोंदी कराव्यात आणि प्रत्येक नोंदीत चार गोष्टी याव्यात : कोणी केले, काय केले, केव्हा केले, आणि ते करताना त्या व्यक्तीला काय पडले. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण कृतीची किंमत कळल्याशिवाय ती कृती पुरती जाणली असे होत नाही.

‘देवाच्या कृपेने सर्व ठीक आहे’ ही नोंद श्रद्धेची वाटते, पण तिच्यात जाणलेले काहीच नाही. तिच्याऐवजी अशी नोंद असावी : ‘आज पहाटे पाऊस असूनही दूधवाले अण्णा पावणेसहाला आले. त्यांची गाडी चिखलात रुतली होती, म्हणून शेवटच्या गल्लीपर्यंत ते किटली घेऊन चालत आले.’ किंवा : ‘दवाखान्यातल्या सिस्टरने सासूबाईंची शीर सापडेना म्हणून सुई तिसऱ्यांदा टोचली नाही, दुसऱ्या सिस्टरला बोलावून आणले. तिची सुटीची वेळ झाली होती.’ आणि माणसाने न केलेल्या गोष्टींसाठी : ‘दुपारी वळीव पडला. अंगणातली तुळस तरारली. रामकृष्णहरी.’ एवढे पुरे. भाषा सजवू नये.

एक नियम कटाक्षाने पाळावा. आपण इतरांसाठी जे केले ते या वहीत लिहायचे नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी गेले, याचा आम्हा सर्वांना अभिमान आहे आणि तो असावाही. पण तो या वहीतला मजकूर नाही. या वहीत तीन वर्षांनंतरचे येते : आमची घरे गाळाने भरली तेव्हा दूरदूरच्या जिल्ह्यांतून धान्य, चादरी, भांडी आणि औषधे घेऊन आलेल्या गाड्या, आणि फावडी हातात घेऊन गाळ उपसायला आलेली अनोळखी मुले. दिलेले मनात आपोआप राहते, त्यासाठी वहीची गरज पडत नाही. मिळालेले मात्र लिहिले नाही तर निसटते.

आठवड्यातून एकदा, मी गुरुवारी करते, तीन नोंदींऐवजी एकच वस्तू घ्यावी आणि तिचा माग मागे मागे काढावा. चहातली साखर घ्या. ती साताऱ्या-सांगलीच्या एखाद्या कारखान्यात तयार झाली. त्या कारखान्याला ऊस पोहोचला तो ट्रॅक्टर-ट्रॉलीने किंवा बैलगाडीने, आणि तो तोडला बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून आलेल्या टोळ्यांनी. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘एक कोयता’ म्हणतात; माणसांची मोजणी हत्याराच्या नावाने होते, हे मला वहीत लिहिताना प्रथम टोचले. ती जोडी थंडीच्या दिवसांत पहाटे अंधारात फडात उतरते, आणि तिची मुले पालाच्या खोपीत असतात किंवा गावी आजीजवळ. दिवा लावला तर त्या प्रकाशाचा माग कोयनेपर्यंत जातो. त्या धरणासाठी कोयना खोऱ्यातली गावे पाण्याखाली गेली, आणि तिथली माणसे आपले देव उचलून दूरच्या जिल्ह्यांत जाऊन राहिली. आपल्या देवघरातल्या विजेच्या समईमागे दुसऱ्या कोणाचे तरी बुडालेले देऊळ आहे, हे कळल्यावर ते दार लावून विसरता येत नाही. फोडणीतली हळद, ताटातली ज्वारी, अंगावरचे लुगडे, शेताला म्हैसाळ किंवा टेंभू योजनेतून चढून आलेले पाणी, कशाचाही माग काढावा. जिथे माहिती संपेल तिथे कोणाला तरी विचारावे. माझ्या वहीतली निम्मी माहिती मला बाजारात, एसटीत आणि दळणाच्या रांगेत विचारूनच मिळाली.

चौथी पायरी : दुसऱ्या बाजूचे पान

वहीची शेवटची वीस पाने सुरुवातीलाच वेगळी काढावीत. आठवड्यातून एकदा तिथे एक नोंद करावी, आणि ती अशा माणसाची किंवा अशा समाजाची असावी ज्यांच्याशी आपले जुळत नाही, ज्यांचा राग येतो, किंवा ज्यांच्याविषयी आपल्या मंडळीत चांगले बोलण्याची पद्धत राहिलेली नाही. दुभंगलेल्या काळातला सराव इतर काळातल्या सरावापेक्षा वेगळा ठरतो तो या पानांमुळे, म्हणून येथे थोडे थांबून सांगते.

आमच्या गल्लीत पुराच्या दोन वर्षे आधी मंडप आणि ध्वनिवर्धक यांवरून वाद झाला होता. समोरचे मुसलमान कुटुंब आणि आम्ही, आमचे बोलणे थांबले होते. एवढेच असते तरी मी ते परिस्थितीवर ढकलले असते. पण त्या दिवसांत त्यांच्या समाजाविषयीचा एक विखारी संदेश मी खरेखोटे न पाहता व्हॉट्सॲपवर पुढे पाठवला होता, आणि तो त्यांच्यापर्यंत पोहोचला होता हे मला ठाऊक होते. २०१९ च्या त्या रात्री पाणी आमच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीला लागले, तेव्हा त्यांच्या घरातल्या दोन मुलांनी माझ्या ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाईंना खुर्चीसकट उचलून त्यांच्या वरच्या मजल्यावर नेले. आम्ही तिथे तीन रात्री होतो. सासूबाई माळकरी. त्या घरच्या वहिनींनी काही न बोलता तवा राखेने घासला, तीन दिवस त्या चुलीवर अंडेसुद्धा शिजू दिले नाही, आणि पहिला भात सासूबाईंपुढे ठेवताना म्हणाल्या, ‘मावशी, नवं पातेलं आहे, तुम्ही निर्धास्त जेवा.’ सासूबाईंनी ‘वदनी कवळ घेता’ म्हटले आणि त्या जेवल्या.

ही नोंद लिहायला मला चार महिने लागले. उपकार आठवत होता, पण तो लिहिला की पुढे पाठवलेला तो संदेशही लिहावा लागणार होता. शेवटी दोन्ही लिहिले. तेव्हापासून मी हे पान उघडण्याचे तीन नियम पाळते आणि तेच येथे सांगते.

नोंद खरी आणि तपासलेली हवी. चांगुलपणाच्याही खोट्या गोष्टी पसरतात, आणि त्यांवर बांधलेला सलोखा पहिल्याच अफवेला ढासळतो. स्वतः पाहिलेले, स्वतः भोगलेले, किंवा डोळ्यांसमोर उभे असलेले लिहावे. आपल्या भागात अशा गोष्टींचा तुटवडा नाही. मिरजेत तंतुवाद्ये घडवणाऱ्या कारागिरांच्या हातची तंबोरी देशभरच्या मैफलींत वाजते, भजनातही वाजते. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, तिथल्या ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यात ते विसावले आहेत, आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ सर्व धर्मांचे कलावंत गातात. त्याच मिरजेत १८९४ मध्ये डॉ. वॉनलेस यांनी मिशन हॉस्पिटल सुरू केले, आणि आमच्या आजी-आजोबांच्या पिढीतले कितीतरी लोक तिथल्या ख्रिस्ती परिचारिकांच्या हातून बरे होऊन घरी आले. कडेगावचे उंच ताबूत हिंदू आणि मुसलमान मिळून उभारतात. वाळवा तालुक्यातील गोटखिंडीत गणपती मशिदीत बसतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी, जे जन्माने जैन होते, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले, तेव्हा सर्व जातीधर्मांची मुले एकत्र राहिली आणि एका पंक्तीत जेवली. त्यांच्या ‘रयत शिक्षण संस्थे’त शिकलेल्या प्रत्येकाच्या वहीत हे पान असायला हवे.

दुसरा नियम असा की, नोंद एका कृतीची असावी, अख्ख्या माणसाच्या चारित्र्याची नव्हे. ज्याने माझा बांध कोरला त्याच भावाने आईच्या आजारपणात रात्री जागवल्या. दुसरे वाक्य लिहिल्याने पहिले पुसले जात नाही. तिसरा नियम यातूनच येतो. कृतज्ञतेची नोंद म्हणजे तडजोडीचा कागद नाही. बांधाची मोजणी मागायची असेल तर ती मागावी, अन्यायाविरुद्ध तक्रार असेल तर ती पुढे चालवावी. बदलते ते एवढेच, की समोरच्याने केलेले जाणत असल्यामुळे आपले बोलणे खालच्या पातळीवर जात नाही.

पान उघडायला मन तयार होत नसेल तेव्हा मी ज्ञानेश्वर माउलींच्या पसायदानाचा आधार घेते. तिथे मागणे आहे ते खळांची व्यंकटी सांडो असे. वाकडेपणा जावा, माणूस जावा असे नव्हे. त्या एका ओवीवर थांबावे, आपल्या रागाचे जे नाव असेल ते मनात उच्चारावे, आणि मग लेखणी उचलावी.

पाचवी पायरी : उंबरठा ओलांडून सांगावे

वहीत लिहिलेले वहीतच राहिले तर काम अर्धे राहते. माणसांचे आभार न मानणारा अल्लाहचेही आभार मानत नाही, अशा आशयाचे प्रेषितांचे वचन आहे, आणि ते कोणत्याही धर्माच्या माणसाने देवघरासमोर बसून आठवावे असे आहे.

आपल्याकडे मात्र आभार मानणे अवघड जाते. ‘आभारी आहे’ म्हटले की सभेचा समारोप झाल्यासारखे वाटते, आणि घरच्या माणसाला ‘धन्यवाद’ म्हटले तर त्याला परके केल्यासारखे होते. म्हणून शब्दापेक्षा गोष्ट सांगावी. ‘काकी, त्या दिवशी तुम्ही डबा धाडला नसता तर पोरं उपाशी झोपली असती’, ‘भाऊ, तुमच्यामुळं निभावलं’, ‘आक्का, तुम्ही केलेलं मी विसरले नाही’, एवढे पुरते. काय केले ते नेमके उच्चारावे. ऐकणाऱ्याला बहुधा ती गोष्ट आठवतही नसते, आणि आपण ती जपली आहे हे ऐकून त्याचा चेहरा बदलतो.

जाताना हात रिकामे नसावेत. शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत करू नये, ही आपल्या आयाबायांची रीत या कामी फार उपयोगी पडते, कारण तुटलेल्या संबंधात बोलायला सुरुवात कुठून करायची हा प्रश्न वाटीभर खिरीने सुटतो. मी समोरच्या घरी गेले ती संक्रांतीच्या दिवशी, तिळगूळ घेऊन. त्या संदेशाबद्दलही बोलले. वहिनी थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, ‘मी वाचला होता. बसा, चहा टाकते.’ आमचे सगळे मतभेद त्यानंतर मिटले असे मी म्हणणार नाही. मंडपाचा प्रश्न दर वर्षी निघतो. फरक इतकाच पडला की तो आता दारात उभे राहून, एकमेकींना नावाने हाक मारून बोलला जातो.

या भेटीचा फोटो काढू नये आणि तो कोणत्याही गटावर टाकू नये. जाहीर केलेली कृतज्ञता समोरच्याला संकोचात टाकते, आणि दुभंगलेल्या गावात तर ती त्याच्याच लोकांत त्याला अडचणीत आणू शकते. ज्यांच्या दारात जाणे शक्य नाही, कारण ते गेले आहेत किंवा त्यांचा पत्ता नाही, त्यांचे नाव आरतीनंतर किंवा प्रार्थनेत मोठ्याने घ्यावे, म्हणजे घरातल्या मुलांच्या कानी ते पडते.

सहावी पायरी : फेड

जुन्या धर्मशास्त्रात माणूस ऋणे घेऊन जन्मतो असे मानले आहे, आणि गृहस्थाने रोज करायच्या पाच यज्ञांत देव, पितर आणि ऋषी यांच्याबरोबर अतिथी आणि मुकी जनावरे यांचाही वाटा सांगितला आहे. मला यातले शहाणपण असे दिसते, की ज्याच्याकडून घेतले त्यालाच परत द्यावे असा आग्रह तिथे नाही. आपल्याला पुरातून बाहेर काढणाऱ्या एखाद्या ट्रॅक्टरवाल्याला आपण पुरातून कधी काढणार? पण दुसऱ्या कोणाला तरी दवाखान्यात नेऊन पोहोचवता येते.

फेड लहान आणि ठरलेली असावी. रोज दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढण्याची मुष्टिफंडाची रीत सांगली जिल्ह्यातल्या दुधगावात मुलांच्या शिक्षणासाठी चालली होती. आजही एका मडक्यात रोज एक मूठ ज्वारी किंवा तांदूळ टाकला, तर महिनाअखेर एखाद्या घराची नड भागण्याइतके धान्य साठते. ज्यांच्याकडे धान्य नाही त्यांच्याकडे वेळ असतो : कोणाचा अर्ज लिहून देणे, कोणाच्या आजारी आईजवळ दोन तास बसणे. उसाच्या हंगामात आपल्या शिवारात उतरलेल्या टोळीतल्या लेकरांसाठी जुनी स्वेटरे, पाट्या, दोन दिवस पुरेल इतकी औषधे नेऊन देणे हे साखरेच्या नोंदीचे अगदी सरळ उत्तर आहे. चौथ्या पायरीतल्या लोकांसाठीही काही करावे. मात्र त्याचा हिशेब वहीत लिहायचा नाही, हे पुन्हा सांगते.

वर्षाचे सण या कामाला जोडून घ्यावेत. आषाढातल्या बेंदराला बैलांची पूजा होते, तेव्हा गोठा झाडणाऱ्या गड्यालाही नवे कपडे असावेत. खंडेनवमीला हत्यारे पुजताना ती घडवणाऱ्याचे नाव घ्यावे. पर्युषणानंतर जैन बांधव क्षमा मागतात, त्या दिवशी त्यांच्या दारी जावे. वारीच्या दिवसांत लोणंद, तरडगाव, फलटण या वाटेवर पालखीला पाणी देणाऱ्यांच्या रांगेत एक दिवस उभे राहावे.

कुठे सावध राहावे

कृतज्ञतेचा दंडुका करणारे लोक असतात. सुनेला ‘खायला मिळते आहे ना, उपकार मान’ असे सांगणारे घर, मजुरीची बाकी मागणाऱ्याला ‘काम दिले हेच खूप’ म्हणणारा मालक, हक्काच्या मदतीला दानाचे रूप देणारा पुढारी, हे सारे त्या शब्दाचा वापर तोंड बंद करण्यासाठी करतात. जे आपल्या हक्काचे आहे ते मागताना माणूस कृतघ्न ठरत नाही. सातारा जिल्ह्यातल्या नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाईंनी मुलींना शिकवायला घराबाहेर पाऊल टाकले, तेव्हा त्यांनाही मिळालेल्यात समाधान मानायला सांगणारे भरपूर होते. म्हणून एक कसोटी लावावी : कृतज्ञता आपण स्वतः, मोकळ्या मनाने, वही उघडून व्यक्त करतो, दुसऱ्याने मागून घेतलेली कृतज्ञता ही बहुधा वसुली असते. ज्या घरात मारहाण आहे, तिथे मारणाऱ्याच्या नावाची नोंद शोधत बसू नये. आधी सुरक्षित जागी जावे.

दुसरी अडचण कोरडेपणाची. काही आठवड्यांनी नोंदी यांत्रिक होतात, तोच दूधवाला, तोच पाऊस. अशा वेळी नोंदी वाढवू नयेत, उलट एकावर आणाव्यात, आणि चौथ्या बाबीकडे, म्हणजे ते करणाऱ्याला काय पडले याकडे, अधिक वेळ द्यावा. साताऱ्याच्या माण तालुक्यातील गोंदवले येथे ब्रह्मचैतन्य महाराजांनी नामाचा जो सराव लोकांना लावला, त्यात गोडी वाटो वा न वाटो, नाम घेत राहण्यावर भर आहे. आमचा एक नातेवाईक दुष्काळी पट्ट्यात राहतो. त्याने सलग नऊ दिवस एकच ओळ लिहिली होती : ‘टँकर आला.’ दहाव्या दिवशी त्याने टँकरच्या चालकाला नाव विचारले.

सुरुवात कधी करावी

येत्या एकादशीला सुरुवात करावी आणि पुढच्या एकादशीपर्यंत, म्हणजे सुमारे पंधरा दिवस, प्रयोग म्हणून करून पाहावे. ज्यांच्या घरी एकादशी नाही त्यांनी दोन शुक्रवार किंवा दोन रविवार धरावेत. पहिले तीन दिवस फक्त गाऱ्हाणे, मग रोज तीन नोंदी, मधल्या गुरुवारी एका वस्तूचा माग, आणि शेवटच्या दोन दिवसांत दुसऱ्या बाजूच्या पानावर एक नोंद. पंधराव्या दिवशी घरातल्या सगळ्यांना बसवून वही मोठ्याने वाचावी, एक नाव निवडावे, आणि त्याच संध्याकाळी त्या घरी जाऊन यावे. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी सहा नोंदी करू नयेत, तीनच कराव्यात.

वही कुठे ठेवावी, हेही नदीकाठी राहणाऱ्यांनी ठरवून ठेवावे. माझी पहिली वही २०२१ च्या पुरात भिजली, कारण ती देवघराच्या खालच्या खणात होती. आता ती प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्ड आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर, माळ्यावर असते. आमच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची जी तपकिरी रेघ अजून दिसते, तिच्या दोन हात वर.